जीर्णोद्धार कमिटीच्या मंडळींना खुलं पत्र: टाइल्सची ऑर्डर द्यायच्या आधी एकदा बोलवा

नमस्कार मंडळी,

अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, बाकीचे विश्वस्त, सरपंच ताई, पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली आणि जत्रेला येताना दर वर्षी देणगीचा आकडा वाढवत नेणारी गावची पोरं, आणि ग्रुपवर रोज पहाटे देवाचा फोटो टाकणारे तात्या, हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण एकाच गावाचं असतं तर सरळ फोनच केला असता. सातारा, सांगली, नगर, नाशिक, बीड, कुठेही जा, जीर्णोद्धाराची मिटिंग साधारण सारखीच असते, सभामंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे टाइल्सचा कॅटलॉग, कुणीतरी मोबाईलवर दुसऱ्या गावच्या मंदिराचा रंगीत फोटो फिरवतंय, आणि शेवटी एकच प्रश्न, जत्रेच्या आत होईल ना?

मी जुन्या इमारतींचा कन्सल्टंट. हेरिटेज कन्सल्टंट म्हणतात, कार्डावर कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट असं पण आहे. मंदिरं, वाडे, बारवा, घाट, कधीतरी ब्रिटिश काळातली शाळा नाहीतर कचेरी. नक्की काय करतो हे माझ्या सासरवाडीला अजून उमगलेलं नाही, त्यांना वाटतं मी पुरातत्त्व खात्यात साहेब आहे. तर तसं नाहीये. तुमचं काम थांबवायचा कसलाही अधिकार माझ्याकडे नाही. मी बघतो, मोजतो, तपासतो, आणि सांगतो की कशाला हात लावायचा, कशाला अजिबात लावायचा नाही, आणि आधी काय करायचं, नंतर काय. ऐकायचं की नाही ते तुमच्यावर.

आणि माझी तक्रार आहे ती याच "आधी-नंतर" वर. तुम्ही मला बोलवता ते सगळं ठरल्यावर. टाइल्स येऊन पडलेल्या असतात, कॉन्ट्रॅक्टरला अॅडव्हान्स गेलेला असतो, देणगीदारांची नावं संगमरवरावर कोरून सुद्धा आलेली असतात, आणि मग गावातला एखादा शिकलेला मुलगा नाहीतर हायस्कूलचे सर म्हणतात की अहो हे जुनं मंदिर आहे, कुणाला तरी विचारा, म्हणून मला फोन. त्यात पण "सर तुम्ही नुसतं येऊन बघून जा, ओके म्हणा म्हणजे झालं". आता मी ओके म्हणायला येतो का हो? आणि नको म्हटलं तर मी विकासाच्या आड येणारा माणूस, देवाच्या कामात खोडा घालणारा.

तुमच्या भावनेवर माझा आक्षेप नाही हे आधीच सांगतो. आजोबांनी ज्या पायरीवर डोकं टेकवलं ती पायरी चांगली दिसावी असं वाटणं यात गैर काहीच नाही. आपल्याकडे देवळं टिकली ती माणसं ती परत परत बांधत राहिली म्हणूनच, खालचं दगडी काम यादवांच्या काळातलं, वरचं विटांचं शिखर पेशवाईतलं, पुढचा लाकडी सभामंडप त्यानंतरच्या कुणा सावकाराने नवस फेडायला बांधलेला, असं एकाच आवारात चार पिढ्यांचं काम सापडतं. म्हणजे बदल करू नका असं मी कुठे म्हणतोय. फक्त त्या जुन्या लोकांनी नवीन जोडताना खालच्या माणसाचं काम समजून घेतलं होतं, आपण कॅटलॉग समजून घेतो एवढाच फरक.

आता मी आल्यावर काय करतो ते सांगतो, म्हणजे "नुसतं बघायला" किती वेळ लागतो आणि का लागतो ते लक्षात येईल.

पहिल्यांदा मी देवाच्या पाया पडतो आणि मग बाहेर येऊन पाणी शोधतो. तुम्ही मला नक्षी दाखवायला नेता, हा खांब बघा, हे कीर्तिमुख बघा, आणि माझं लक्ष असतं आवाराच्या उतारावर. दहातल्या बऱ्याच देवळांचा आजार इथेच सापडतो. मूळ फरसबंदी होती दगडाची, उतार देऊन केलेली. त्यावर कुणीतरी शहाबादी फरशी घातली. पुढच्या कमिटीने त्यावर कोबा केला. त्याच्या पुढच्या कमिटीने पेव्हर ब्लॉक. प्रत्येक वेळी खालचं काढायला खर्च येतो म्हणून वरच चढवलं, आणि आवार फूट-दीड फूट वर आलं. जोत्याचे खालचे थर जमिनीत गेले, त्यावरची नक्षी गेली ते जाऊ दे, पण आता पावसाचं पाणी देवळापासून लांब पळायच्या ऐवजी भिंतीला टेकून उभं राहतं. गोमुखाची पण तीच गत. अभिषेकाचं पाणी गाभाऱ्यातून ज्या पन्हळीने बाहेर पडतं तिचं तोंड बाहेरून फरशीने अर्धं बुजलेलं, आतून टाइल्सने चढवलेलं, मग श्रावणात रोज पडणारं पाणी जातं कुठे? देवळाच्या पायात जातं. आणि तुम्ही म्हणता गाभाऱ्यात ओल येते, एक्झॉस्ट फॅन बसवू का, वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवू का.

अहो, बाहेरचे पेव्हर ब्लॉक काढा. जुनी पातळी शोधा. दोन बाजूंनी चर काढून पाणी लांब सोडा. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, उद्घाटन करता येत नाही, कोनशिला लावता येत नाही, आणि म्हणूनच हे काम कुठल्याही कमिटीच्या यादीत नसतं, कमान आणि रंग असतो.

मग वर चढतो. शिखरावर पिंपळ असतोच. दर वर्षी जत्रेआधी एक पोरगा वर चढवून तुम्ही तो कोयत्याने छाटता, तो पुढच्या पावसात दुप्पट फुटतो, कारण मूळ आत जिवंत आहे. किंवा कुणीतरी जोर लावून उपटतो आणि मुळाबरोबर दोन विटा आणि हातभर गिलावा खाली. पिंपळाचं काम हळू करायचं असतं, खोड कापायचं, मुळात औषध भरायचं, ते सुकेपर्यंत थांबायचं, मग सोडवता येईल तेवढं मूळ सोडवून ती पोकळी चुन्याने भरायची. हे तुमच्याच गावातला माणूस करू शकतो, शिकवला की.

आता चुना. इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त नासधूस इथेच होते.

तुमच्या शिखराचं काम चुनेगच्चीचं आहे. विटा चुन्यात, वरचा गिलावा चुन्याचा, कोनाड्यातल्या मूर्ती पण चुन्यातच घडवलेल्या. दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसते पण बऱ्याच ठिकाणी ती दोन बाजूंनी घडीव दगड आणि मधे चुना-खडीचं भरण अशी असते. ह्या सगळ्यात ओल शिरते आणि सांध्यातून परत बाहेर पडते, सांधा दगडापेक्षा मऊ ठेवलेला असतो तो मुद्दाम, झिजायचं तर त्याने झिजायचं, दगडाने नाही. तुम्ही तो सांधा खरवडून तिथे सिमेंट भरता. मिस्त्री वर नखाने रेघ ओढून काळा रंग पण मारतो, छान चौकटी चौकटी दिसतात. आता ओलीला बाहेर पडायला जागाच नाही. ती मग आतल्या बाजूला येते, बरोबर क्षार घेऊन येते, गाभाऱ्याच्या भिंतीला पांढरा लोणा फुटतो, विटांचा भुगा व्हायला लागतो, आणि वरून सिमेंटचा गिलावा मात्र ठणठणीत दिसतो. मी टिचकी मारतो तेव्हा पोकळ वाजतं. तो आवाज एकदा ऐका, कन्सल्टंटची गरज कमी पडेल.

"पण सर, चुना आता मिळतो कुठे आणि तेवढा टिकतो का?" हा प्रश्न ठरलेला आहे. टिकतो का हे तुमच्या देवळाकडे बघून विचारताय म्हणजे कमाल आहे. आणि मिळतो. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, आणायची, पाण्यात विरवायची, टाकीत मुरत ठेवायची, वाळू चाळून घ्यायची, घाणीत, म्हणजे चुना मळायच्या चक्कीत, मळायचा. बैलाची घाणी आता बघायला मिळत नाही, मोटार लावलेली चालते. गूळ, बेलफळ, हिरडा, मेथी हे घालायचं की नाही, किती घालायचं, हे ठिकाणावर ठरतं, यूट्यूब बघून उडदाची डाळ भिजत घालू नका. कुठल्या जागी कसला चुना आणि किती वाळू हे ठरवायला मी तुमच्या जुन्या सांध्यातला थोडासा चुना काढून नेतो, त्यावर पण एका ठिकाणी गैरसमज झाला होता, लोकांना वाटलं मी देवळाची माती नेतोय करणी करायला. तर करतो काय, तो नमुना वाळवून वजन करतो, पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये टाकतो, तो फसफसतो, चुना विरघळून जातो आणि खाली वाळू उरते, ती धुऊन वाळवून परत वजन. जेवढं घटलं तेवढा चुना. कोकणात हे जरा जपून करावं लागतं कारण तिथल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो पण विरघळतो, मग हिशोब चुकतो. उरलेली वाळू चाळण्यांतून घालून बघितली की ती किती जाड, किती बारीक हे कळतं, म्हणजे आता तशीच वाळू शोधायची. एवढ्या साध्या तपासणीवर पुढचं सगळं काम उभं राहतं आणि एस्टिमेट करणाऱ्याने ती केलेली मी क्वचितच बघितली आहे. एस्टिमेट असतं ते गावच्या शाळेच्या इमारतीवरून कॉपी-पेस्ट केलेलं, "दगडी भिंतीस सिमेंट पॉइंटिंग १:३" वगैरे, आणि मग त्यावर टेंडर, आणि मग सगळ्यात कमी रेटवाला. तो बिचारा तरी काय करणार, त्याला लिहून दिलंय सिमेंट, तो सिमेंट भरतो.

आणि हो, चुन्याला वेळ लागतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत तो कडक होतो, त्याला सावली लागते, ओलं पोतं लागतं. कडक उन्हात, जत्रेला पंधरा दिवस राहिलेत म्हणून रात्रंदिवस माणसं लावून चुन्याचं काम होत नाही. त्यापेक्षा या वर्षी करू नका. देव कुठे पळून चाललाय?

रंगाबद्दल लिहायला बसलो तर पत्र संपणार नाही. काळ्या पाषाणाला काळा ऑइलपेंट मारलेला मी बघितलाय. का? तर "दगड जुना दिसत होता". नंतर आलेल्या कमिटीला तो रंग आवडला नाही म्हणून त्यांनी सँडब्लास्टिंगवाल्याला बोलावलं, कॉम्प्रेसर लावून वाळूचा मारा, एका दिवसात भिंत कोरी करकरीत. दगडावरचे पाथरवटाच्या टाकीचे घाव गेले, देवतांच्या चेहऱ्यावरची नाकं-डोळे बोथट झाले, आणि दगडाचा जो वरचा शतकांचा थर असतो तो गेला. हे परत येत नाही. चुकीची फरशी काढता येते, चुकीचा रंग पण बऱ्याचदा काढता येतो, सँडब्लास्टिंग मात्र कुठल्याही पैशाने मागे फिरवता येत नाही, म्हणून या पत्रातलं बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण कॉम्प्रेसरवाल्याला तेवढं आवाराच्या बाहेर ठेवा. अॅसिडने धुणाऱ्याला पण. रंग काढायचाच असेल तर आधी कुठल्यातरी मागच्या कोपऱ्यात वीतभर जागेवर दोन-तीन प्रकार करून बघायचे, बांबूची कामटी, मऊ ब्रश, थोडं पाणी, थोडं औषध, आणि महिनाभराने तो कोपरा परत बघायचा. मग ठरवायचं.

रंगाखाली काय दडलेलं असतं ते पण सांगतो. सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे, तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे, सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. आपल्या भाषेतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक, आणि तो कुठे म्युझियममध्ये नाही, देवळातल्या तुळईवर. त्या तुळईवर कुणी तीन कोट ऑइलपेंट मारला असता तर? तुमच्या देवळात तसं काही असेलच असं मी म्हणत नाही, पण दरवाजाच्या चौकटीवर, पायरीवर, दीपमाळेच्या तळाशी काहीतरी अक्षरं असतात आणि ती "उठून दिसावीत" म्हणून पेंटर त्यात पिवळा रंग भरतो, स्वतःला जसं दिसलं तसं. त्यामुळे नंतर वाचणाऱ्याला दगडातलं अक्षर दिसत नाही, पेंटरचं दिसतं. (आणि फ्लेक्सवर "पांडवकालीन हेमाडपंती" लिहिणं बंद करा प्लीज. हेमाडपंत तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा माणूस. अंबरनाथचं शिवमंदिर सुद्धा त्याच्या दोनशे वर्षं आधीचं, १०६० चं, शिलाहारांचं, आणि लोक त्याला पण हेमाडपंतीच म्हणतात.)

पंढरपूरचं तुम्ही बघितलंच असेल. २०२४ मध्ये मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत विठुरायाचं पदस्पर्श दर्शन बंद ठेवून गाभाऱ्याचं काम केलं, त्यात काय केलं तर मधल्या काळात बसवलेलं ग्रॅनाइट काढलं. म्हणजे आधी पैसे देऊन बसवायचं आणि नंतर पैसे देऊन काढायचं. त्याच कामात फरशीखाली तळघरासारखी जागा निघाली आणि त्यात जुन्या मूर्ती मिळाल्या. पंढरपूरला हे निस्तरायला सरकारी निधी आणि पुरातत्त्व खात्याची माणसं होती. २०२१ च्या राज्याच्या बजेटात आठ प्राचीन मंदिरांसाठी १०१ कोटी जाहीर झाले होते, खिद्रापूरचं कोपेश्वर, सिन्नरचं गोंदेश्वर, गडचिरोलीचं मार्कंडा, अशी नावं त्यात आहेत. तुमच्या गावचं नाव त्यात नाही आणि लवकर येणार पण नाही. तुम्ही बसवलेलं ग्रॅनाइट तुमच्याच पोरांना काढावं लागणार आहे, तेवढं धरून चाला.

कायद्याचं थोडक्यात. देऊळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या यादीत असेल तर १९५८ चा कायदा लागू, त्यात २०१० ला बदल झाल्यापासून पहिल्या १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्याच्या यादीत असेल तर राज्याचा १९६० चा कायदा. पण देशभरात केंद्राच्या यादीत आहेत साडेतीन हजारांवर वास्तू, म्हणजे तुमच्यासारखी लाखभर देवळं कुठल्याच यादीत नाहीत आणि तिथे विचारणारं कुणी नाही. कुणी विचारत नाही म्हणून काहीही करता येतं असं मात्र नाही. गाभाऱ्यातली मूर्ती झिजली म्हणून नवीन आणली आणि जुनी नदीत सोडली, असं करू नका, शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू आहे. नुसती मूर्तीच नाही, जुन्या इमारतीतून सुटा काढलेला नक्षीचा भाग पण त्यात येतो. म्हणजे तुम्ही सभामंडप पाडताना ते शिसवी खांब आणि महिरपी "जुनं लाकूड" म्हणून किरकोळ भावाने देता ना, ट्रक घेऊन येणाऱ्या त्या माणसाला त्याची किंमत नीट माहीत असते, तुम्हालाच नसते. पाया खणताना नाणी, मूर्ती, काही निघालं तर कलेक्टरला कळवायचं, तो कायदा १८७८ चा आहे आणि मर्यादा किती तर दहा रुपये. दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कळवा, असं इंग्रजांनी लिहून ठेवलंय. तेव्हाचे दहा रुपये म्हणा. आणि आवारातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उचलून कंपाउंडच्या भिंतीत चिणू नका. ते कुणाचे तरी पूर्वज आहेत, बहुतेक तुमचेच.

आता फीचं बोलतो, कारण ते कुणीच उघड बोलत नाही.

आमच्या धंद्यात बऱ्याचदा फी ठरते कामाच्या रकमेच्या टक्क्यावर. समजा एक कोटीचं काम आणि ५ टक्के, म्हणजे मला पाच लाख. आता मी पाहणी केली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की मंडळी, एक कोटीची गरजच नाही, आवाराची पातळी उतरवा, पाणी काढा, शिखराचा गिलावा चुन्यात दुरुस्त करा, सभामंडपाच्या दोन तुळया बदला, वीस लाखात होतंय, बाकीचं पाच वर्षांनी बघू. मग मला मिळणार एक लाख. म्हणजे खरं बोलल्याबद्दल चार लाखांचा दंड झाला की! डॉक्टरची फी औषधाच्या बिलावर टक्क्याने लावली तर तो कमी गोळ्या लिहून देईल का? तरी तुम्ही टक्काच धरून बसता कारण हिशोबाला सोपा पडतो आणि ऑडिटला चालतो. मी टक्क्यावर काम घेणं बंद केलंय आणि त्यामुळे काही कामं गेली, जाऊ देत.

दुसरा प्रकार म्हणजे "आमचा कॉन्ट्रॅक्टर डिझाइन फुकट करून देतो". फुकट काही नसतं, ते तो सिमेंटच्या पोत्यांत वसूल करतो, आणि त्याचं डिझाइन म्हणजे आरसीसीचा नवा सभामंडप, कारण त्याला तेच येतं.

माझं म्हणणं असं की पाहणी आणि रिपोर्टचे पैसे वेगळे ठरवा, ठोक रक्कम, काम होवो न होवो. त्यात मोजमाप घेऊन काढलेले नकाशे, भिंतीच्या प्रत्येक बाजूचा नकाशा ज्यात कुठे भेग, कुठे ओल, कुठे जुना चुना, कुठे नंतरचं सिमेंट हे दाखवलेलं, नमुन्यांच्या तपासण्या, आणि कामांचा क्रम. तो रिपोर्ट तुमचा, माझा नाही. तो घेऊन दुसऱ्या कन्सल्टंटकडे जा, खुशाल त्याच्याकडून काम करून घ्या. फक्त एक बघा, त्या रिपोर्टमध्ये "हे करू नका" असं सांगणारं पान आहे का. नसेल तर पैसे परत मागा. आणि पुढे देखरेखीचे पैसे दर व्हिजिटप्रमाणे द्या, कारण कागदावर चुना लिहिलेला असताना साइटवर पोतं कसलं फुटतंय हे बघायला कुणीतरी लागतं.

"न करण्याचे" पैसे द्यायला जिवावर येतं हे मला कळतं. एका देवळात गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीला मोठी उभी भेग होती, सगळे घाबरलेले, कॉन्ट्रॅक्टर म्हणे भिंतच उतरवून नव्याने बांधू. मी भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या, दोन्ही टोकांना प्लास्टरचा ठिपका, बाजूला पेन्सिलीने तारीख. भेग अजून हलत असेल तर काच तडकते. गुरवांना सांगितलं की दर अमावास्येला बघा आणि फोटो पाठवा. बायका म्हणायला लागल्या की देवळाची दृष्ट काढलीय. कमिटी मात्र वैतागली, वर्षभर नुसतं काचेकडे बघायचे का पैसे दिले आपण? वर्ष गेलं, पावसाळा गेला, काचा शाबूत. भेग जुनी होती, कधीतरी पाया बसला तेव्हा पडलेली आणि नंतर थांबलेली. तिच्यात चुन्याचा पातळ रस सोडला, तोंड बंद केलं, संपलं. भिंत उतरवली असती तर काय झालं असतं याचा हिशोब मी तुम्हाला देऊ शकत नाही, आणि हीच माझ्या धंद्याची अडचण आहे, जे वाचलं ते दिसत नाही.

पूजेअर्चेत मी ढवळाढवळ करायला येत नाही एवढं नक्की. देऊळ चालतं आहे म्हणून उभं आहे. पण दूध-दही-मध-साखर पिंडीवर रोज चोळलं तर दगड झिजतो, हे उज्जैनच्या महाकालाच्या बाबतीत सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये प्रत्येक भाविकाला अर्धा लिटर शुद्ध केलेल्या पाण्याची मर्यादा आली. ती वेळ येण्याआधी गुरव आणि कमिटीने बसून ठरवलं तर कोर्टाची गरज पडत नाही. सप्तशृंगीला २०२२ मध्ये देवीच्या मूर्तीवरचे वर्षानुवर्षांचे शेंदराचे थर उतरवले आणि आतलं मूळ रूप दिसलं, ते काम पुजारी आणि तज्ज्ञ दोघं मिळून झालं म्हणून झालं. आपल्याकडे पण होऊ शकतं, नुसता शेंदूर खरवडायला पेंटर बोलावला नाही म्हणजे झालं.

तर माझी विनंती. या वर्षी तुमच्या मिटिंगमध्ये रंगाचा ठराव पुढे ढकला. टाइल्सचा अॅडव्हान्स दिला असेल तर त्या भक्तनिवासात वापरा, तिथे छान दिसतील. दगड, लाकूड, मूर्ती, जे काही सुटं पडलंय त्याचा फोटो काढून, नंबर टाकून, एका खोलीत कुलपात ठेवा आणि ट्रस्टच्या वहीत नोंद करा. गावात कुणाकडे जुने फोटो असतील, लग्नाचे, जत्रेचे, मागे देऊळ दिसतंय असे, ते गोळा करा, मला नकाशांपेक्षा ते जास्त कामाला येतात. आणि मिटिंगला फक्त विश्वस्त नको, गुरव हवेत आणि रोज देऊळ झाडणाऱ्या मावशी हव्यात, पाणी कुठून कधी गळतं हे त्या दोघांइतकं कुणाला माहीत नसतं, तुम्हाला तर नाहीच.

मे महिन्यात बोलवू नका. कोरड्या देवळात मला काही दिसत नाही. आर्द्रा लागल्या की एखादा चांगला पाऊस पडू दे आणि त्याच दिवशी फोन करा, मी गाडी काढतो. गाभाऱ्यातले दिवे सोडून बाकीच्या फोकसच्या लाइटी बंद ठेवा, ओल बॅटरीने तिरपी बघावी लागते. शिडी गावातलीच चालेल, पण लोखंडी नको, बांबूची द्या आणि वरच्या टोकांना पोतं गुंडाळा म्हणजे गिलावा खरवडणार नाही. शाल-श्रीफळ नको. चहा बिनसाखरेचा.

आपला,
एक कन्सल्टंट
(पुरातत्त्व खात्यातला नाही, परत सांगतो)